‘ओरिजिनल आहे का?’ : चादरी मोबाईलवर विकायला घेतल्या त्याची गोष्ट

सोलापुरात भद्रावती पेठेत आमचे चादरीचे सहा माग. आजोबांनी दोन घेतले, अप्पांनी चार वाढवले आणि मी मोबाईल घेतला, असं अम्मा येईल त्या पाहुण्याला सांगते.

आधी आमचा धंदा कसा चालायचा ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल. चादर मागावरनं उतरली, शिलाई झाली, घडी झाली की गठ्ठा बांधून चाटी गल्लीत व्यापाऱ्याकडं टाकायचा, पैसे दोन महिन्यांनी, कधी तीन. आमची चादर कुणी पांघरली, नगरात गेली का नागपुरात, काही पत्ता नसायचा. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, माग थांबले, व्यापाऱ्याचा फोन थांबला आणि तयार पडलेल्या चारेकशे चादरी अम्माच्या खोलीत छतापर्यंत रचून ठेवल्या, ती दोन महिने त्या चादरींच्या भिंतीला टेकून टीव्ही बघायची. तेव्हा माझा भाचा म्हणला, मामा स्टेटसला टाक की. म्हणलं टाकू, जातंय काय आपलं.

पहिला फोटो ट्यूबलाईटखाली काढला. मरून रंगाची चादर, मोरपीस डिझाईन, आमची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चांगली. फोटोत ती दिसली तांबडी-गुलाबी, लग्नाच्या मांडवातल्या कापडासारखी. तरी तीन चादरी गेल्या, दोन नात्यात आणि एक पुण्याला अक्काच्या मैत्रिणीकडं. तिने चादर उघडून बघितली आणि लगेच फोन, की फोटोतली पाठवली नाही तुम्ही. मी सांगतोय हीच आहे, ती म्हणतीये रंग वेगळाय, शेवटी परत घेतली. जाण्यायेण्याचं कुरिअर आमच्या गळ्यात, म्हणजे पहिल्याच बाहेरच्या गिऱ्हाईकात तोटा.

त्यानंतर फोटोवर डोकं लावलं. सोलापूरचं ऊन म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, सकाळी दहानंतर गच्चीवर फोटो काढला तर सगळे रंग उडालेले दिसतात, चादर दहा वर्षं वापरल्यासारखी. सकाळी सात ते आठ, ऊन थेट पडायच्या आधी, गच्चीच्या सावलीतल्या बाजूला. आणि शेजारी घरातला एक पांढरा टॉवेल ठेवायचा, टॉवेल फोटोत पांढराच दिसतोय म्हणजे बाकीचे रंग पण खरे आलेत, पिवळट किंवा निळसर दिसला तर फोटो रद्द. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, असंच एकदा टॉवेल वाळत होता म्हणून कळली.

व्हॉट्सअॅप बिझनेस घेतलं. ते फुकट आहे, साध्या व्हॉट्सअॅपसारखंच दिसतं, फक्त त्यात कॅटलॉग करता येतो, म्हणजे प्रत्येक चादरीचा फोटो, साईज, किंमत एकदाच भरून ठेवायची आणि कुणी विचारलं की लिंक टाकायची. क्विक रिप्लाय पण आहेत, तेच तेच टाईप करायला लागत नाही. मी पहिल्या रात्री बसून १८ डिझाईन भरल्या. मला वाटलं आता लोकं साईज विचारतील, किंमत विचारतील, कुरिअर विचारतील. विचारलं बी. पण त्या सगळ्याच्या आधी प्रत्येकाचा एकच प्रश्न, अगदी ठरल्यासारखा.

ओरिजिनल आहे का?

राग यायचा हो. सहा माग घरात खटखटतायत, कापसाची धूळ नाकात, अन् हा पनवेलचा माणूस मला विचारतोय ओरिजिनल आहे का. अप्पांना सांगितलं तर ते हसले. म्हणले, त्याचं काय चुकलं? रस्त्याकडेला, यात्रेत, ट्रॅव्हल्सच्या स्टॉपवर कुठलीबी पॉलिस्टरची चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकतात, त्याने एकदा घेतली असेल, पहिल्या धुण्यात बोळा झाला असेल. दुकानात आलेला माणूस काय करतो बघितलास का? चादर चिमटीत चोळतो, हातावर तोलतो, उलटी करून मागची बाजू बघतो. मोबाईलवर त्याला हात कुठंय?

हे ऐकलं तेव्हा मला काही मोठं ज्ञान मिळालं असं वाटलं नाही, मला वाटलं अप्पा व्यापाऱ्याची बाजू घेतायत. कळायला वर्ष गेलं आणि त्या वर्षात मी सगळे उद्योग करून बसलो.

पहिला उद्योग, नंबर गोळा करणे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना जातो त्या यादीत, २५६ लोकं बसतात, पण ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो, हे मला माहीत नव्हतं. मी चार लिस्ट करून रोज सकाळी ‘शुभ प्रभात’ आणि खाली चादरीचा फोटो टाकत होतो आणि कुणी उत्तर का देत नाही म्हणून हैराण. मग लोकांना पोचावं म्हणून सोसायटीचे ग्रुप, शाळेचे ग्रुप, क्रिकेटचा ग्रुप, सगळीकडनं नंबर काढले आणि एकेकाला सरळ मेसेज, एका संध्याकाळी दोनशेच्या वर. सकाळी उठलो तर अकाउंट बंद. बरोबर आहे, ओळख ना पाळख, इतक्या लोकांनी ब्लॉक आणि रिपोर्ट केल्यावर दुसरं काय होणार. विनंती करून नंबर परत चालू झाला पण ते तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहिती, जुन्या गिऱ्हाईकांचे सगळे पत्ते त्यातच होते, वहीत एक नाही. तेव्हापासून अम्मा वहीत लिहिते. तिची वही व्हॉट्सअॅपच्या लेबलपेक्षा भारी आहे, ‘सांगवीची बाई, बोलायला गोड, पैसे लगेच’ असलं सगळं त्यात असतं.

दुसरा उद्योग म्हणजे एजन्सी. नाव नको. ‘तीन महिन्यांत ब्रँड करून देतो’ म्हणले, बारा हजार घेतले. आठवड्यात इन्स्टाचे फॉलोअर नऊशेवरनं नऊ हजार! मी पेढे वाटायचाच बाकी होतो. भाच्याने इनसाईट उघडून दाखवले, फॉलोअर कुठल्या शहरातले आहेत ते त्यात दिसतं, तर त्यात सोलापूर नाही, पुणे नाही, एकबी गाव आपल्या वळखीचं नाही. विकत आणलेली नावं सगळी. आणि त्याचा उलटा त्रास असा की ही खोटी जनता पोस्टकडं बघत नाही, मग पोस्ट कुणाला आवडत नाही असं समजून ती खऱ्या माणसांपुढं पण कमी जायला लागते. वर त्या पोराने आमच्या पोस्टवर जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा शिक्का लावून दिला होता. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय आहे ही खरी गोष्ट, अभिमानाची गोष्ट, पण आपण सोलापुरात विणतो म्हणून तो शिक्का आपोआप वापरता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. सूतवाल्या एका जुन्या माणसाने फोन करून सांगितलं, काढ ते आधी, नाहीतर ओरिजिनल चादर विकून तूच खोटा ठरशील. त्याच रात्री काढलं.

तिसरा उद्योग, पोस्ट बूस्ट, म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायची. रोजचे पाचशे, पाच दिवस, अडीच हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९५० रुपये. बूस्ट करताना ते विचारतं की तुम्हाला काय पाहिजे, प्रोफाईलवर लोकं पाहिजेत का मेसेज पाहिजेत. मी प्रोफाईल निवडलं, जागा निवडली अख्खा भारत, वय १८ पासून पुढं. लोकं आली की, ढिगानं आली, कॉलेजची पोरं लाईक करून गेली. ऑर्डर दोन.

दरम्यान रीलचं वेड चालू होतं. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं आणि आठ-दहा दिवसांत इन्स्टाने रील आणलं, आमचा भाचा टिकटॉकवरचा, त्यामुळं तो तयारच होता. पण तो करायचा काय, चादर अंगावर घेऊन स्लो मोशनमध्ये वळणार आणि मागं पिक्चरचं गाणं. आमचं अकाउंट बिझनेसचं, बिझनेस अकाउंटला पिक्चरची बहुतेक गाणी मिळतच नाहीत, आणि बाहेरनं चिकटवलेलं गाणं असलं की आवाज म्यूट. दोन रील मुके झाले. तिसऱ्याला वैतागून म्हणला, मामा आता काय लावू? म्हणलं काही नको लावू, माग चालूय ना, तोच आवाज राहू दे.

त्या रीलमध्ये काहीच नव्हतं हो. आडवा दोरा नेणारा धोटा इकडनं तिकडं पळतोय, वर जेकार्डचे, म्हणजे डिझाईनचे भोकं पाडलेले पत्ते फिरतायत, खाली इंच इंच मोर उमटतोय, आणि तो खट्याक-खट्याक आवाज. आमच्या गल्लीत रात्री त्या आवाजाशिवाय लहान पोरं झोपत नाहीत. चाळीस सेकंदांचा रील. खाली कमेंट आल्या त्या सगळ्या बाहेर राहणाऱ्या सोलापूरकरांच्या. कुणी हिंजवडीत, कुणी ठाण्यात. एकाने लिहिलं, साखर पेठेतल्या आजीच्या घरी झोपल्यासारखं वाटलं. एकजण म्हणला गड्ड्याच्या यात्रेला येणारे, संक्रांतीला, तेव्हा दोन चादरी ठेवा, आणि खरंच आला, नंदीध्वजांची मिरवणूक बघून सरळ आमच्याकडं.

तिथं मला अप्पांचं बोलणं आठवलं. माणसाला हात नाही तर आपण त्याचा हात व्हायचं. मग भाच्याला म्हणलं आता चादर अंगावर घेऊन फिरायचं बंद. एक रील काट्याचा, चादर वजनकाट्यावर ठेवायची, आकडा दिसू द्यायचा, बोलायचं नाही. एक रील टेपचा, साठ बाय नव्वद इंच म्हणलं की कुणाला कळत नाही, खाटेवर अंथरून टेप लावून दाखवायचं. एक उलट्या बाजूचा. आमची जेकार्डची चादर उलटी केली की तेच डिझाईन दिसतं पण रंग पालटलेले, मरूनवर पिवळा मोर असेल तर मागं पिवळ्यावर मरून मोर, छापील चादरीत ते जमत नाही, मागची बाजू फिक्कट निघते. आणि एक रील जाळायचा. चादरीतला एक दोरा ओढून काढायचा, काडी लावायची. सुती दोरा कागदासारखा जळतो, वास पण कागदाचा, चिमटीत घेतला तर मऊ राख. पॉलिस्टरचा दोरा वितळतो, आकसतो, टोकाला काळा कडक मणी होतो. दोन्ही दोरे शेजारी शेजारी. अम्मा ओरडत होती, घरात कापूस आहे रे, गच्चीवर जा.

तो जाळायचा रील दोन लाखांच्या वर बघितला गेला. आमच्यासाठी फार झालं. दोन दिवस मी झोपलो नाही, सगळ्या कमेंटला उत्तर देत होतो, ‘प्राईस?’ ‘प्राईस?’ ‘प्राईस?’ आणि मी शहाण्यासारखं ‘डीएम करा’, म्हणजे खाजगीत मेसेज करा, असं लिहीत होतो, सगळे तसंच लिहितात म्हणून. अर्धी लोकं तिथंच गळाली. आता सरळ किंमत लिहितो, ६५० म्हणजे ६५०, ज्याला महाग वाटते तो माझा वेळ न घेता जातो. तरी खरा हिशेब सांगतो, त्या दोन लाखांतनं चादरी गेल्या एकतीस. आणि तो मागाचा रील, अकरा हजारांनी बघितलेला, त्यातनं गेल्या चाळीसच्या वर, आणि त्यातली लोकं अजून घेतात. भाचा म्हणतो असं कसं. मला विचारशील तर, दोरा जळताना बघायला मजा येते, चादर घ्यायला घराची आठवण यावी लागते, पण हे माझं मत, तो अजून व्ह्यूजच मोजतो.

दुसऱ्यांदा बूस्ट केलं ते यावरनं. मागाचाच रील, रोज दोनशे रुपये, हेतू मेसेज, तो पण सरळ व्हॉट्सअॅपवर येणारा. जागा पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, वय तीसच्या पुढं. वर एकच ओळ, ‘सोलापूर सोडून किती वर्षं झाली?’ सात दिवस, १,४०० अधिक जीएसटी. मेसेज आले साठेक, त्यातली पंचवीस-तीस जणांनी घेतली.

मध्ये एक फटका बसला तो पण सांगतो, लपवून काय करायचं. फोन आला, हिंदीत बोलणारा, मी मिलिटरीत आहे, कँटीनला दीडशे टॉवेल पाहिजेत, भाव पण केला नाही. तिथंच कळायला पाहिजे होतं, दीडशे नगावर भाव न करणारं गिऱ्हाईक मी जन्मात बघितलं नाही. ओळखपत्राचा फोटो पाठवला, वर्दीतला फोटो पाठवला. ॲडव्हान्स देतो म्हणला, आमच्याकडं पेमेंटची पद्धत वेगळी आहे, मी क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा, पाच रुपये टाका, दहा परत येतील. पाच टाकले, दहा आले. मग म्हणला आता ४,८०० चा स्कॅन करा, डबल येतील. पिन टाकला. गेले. पैसे यायला कधीच पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे जायला, हे मी दुकानात दहा लोकांना सांगितलेलं आहे, आणि मीच टाकला. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करायचा असतो, मी केला पण लाजेखातर दुसऱ्या दिवशी केला, घरात कळू नये म्हणून. असल्या बाबतीत जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त, दुसऱ्या दिवशी काय उरणार. अम्माने वहीत लिहून ठेवलंय, ‘मिलिटरी, पैसे लगेच’.

गूगल मॅपचं मात्र लवकर करायला पाहिजे होतं. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करणारी लोकं सोलापुरातनं जातात, गाडीत बसूनच ‘सोलापुरी चादर’ शोधतात. पण मॅपवर धंदा खरा आहे हे दाखवायला व्हिडिओ काढून पाठवायला सांगितलं, रस्ता दिसला पाहिजे, दुकानाची पाटी दिसली पाहिजे, आत काय चालतं ते दिसलं पाहिजे, कुलूप आपण स्वतः उघडताना दाखवलं तर बरं. आमच्या कारखान्याला पाटीच नव्हती! पन्नास वर्षं कुणाला लागलीच नाही, गल्लीत सगळे ओळखतात. मग पेंटर बोलावला, पाटी रंगवली, वाळायच्या आत व्हिडिओ काढला. पाठवला तर पिन पलीकडच्या बोळात पडला, पहिले दहा दिवस लोकं एका विडीवाल्या आजीच्या दारात जाऊन चादर मागत होती. ती म्हणे सगळ्यांना पाणी पाजायची आणि आमच्याकडं पाठवायची. तिला एक चादर दिली.

आता खरा धंदा कशात निघाला ते सांगतो, चादरीत नाही. बार्शीच्या एका ताईंनी एक चादर नेली होती, सहा महिन्यांनी त्यांचा मेसेज, मुलीचं लग्न आहे, आहेराला टॉवेल-टोपी द्यायचीये, टॉवेल मिळतील का, एकशे वीस. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. अख्ख्या महाराष्ट्रात लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर होतो आणि आम्ही सोलापुरात बसून चादरीचे मोर दाखवतोय. आमच्याकडं टॉवेलचे माग नाहीत, शेजारी आहेत, त्यांच्याकडनं घेऊन दिले. त्या लग्नातनं चार फोन आले, त्या चारातनं परत काही. याला कुठला बूस्ट नाही. फक्त प्रत्येक टॉवेलच्या घडीत एक चिठ्ठी, त्यावर नंबर आणि ‘सेव्ह करून ठेवा’, म्हणजे ब्रॉडकास्ट पण पोचतो. आता मी ब्रॉडकास्ट महिन्यात दोनदाच करतो, आणि लग्नसराईच्या आधी एकदा, बास.

कुरिअरने मात्र तिथं शिकवलं. टॉवेल हलके पण फुगतात. खोक्याची लांबी-रुंदी-उंची सेंटीमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागतात, आणि ते वजन काट्यापेक्षा जास्त निघालं तर त्याचेच पैसे घेतात. आमचं खोकं साठ-चाळीस-चाळीस, हिशेबाने १९.२ किलो, काट्यावर अकरा. आठ किलो हवेचे पैसे भरले. तेव्हापासून खोकं नाही, आपला जुना गठ्ठाच, वर बसून दाबून दोरीने आवळायचा. अप्पा म्हणले, तू मोबाईल घेऊन फिरून फिरून परत गठ्ठ्यावर आलास.

व्यापाऱ्याला शिव्या घालणाऱ्यातला मी नाही. सहापैकी दोन मागांचा माल आता थेट जातो, चार मागांचा अजून चाटी गल्लीतच जातो आणि पावसाळ्यात फोनवर शुकशुकाट असतो तेव्हा तोच उचलतो. दोन मागांचे पैसे आधी येतात, त्यातनं सूत रोखीत घेता येतं, एवढा फरक पडला.

मागच्या आठवड्यात नाशिकच्या एक बाई व्हिडिओ कॉलवर होत्या, मी बँकेत गेलेलो, फोन अप्पांनी उचलला. मी आलो तर अप्पा मागाजवळ उभे, एका हातात चादर, एका हातात फोन, आणि जोरजोरात सांगतायत, ताई हे बघा चोळून दाखवतो, हे बघा मागची बाजू, दिसायलंय का? पलीकडनं बाईंचा आवाज, काका मला तुमचा पंखा दिसतोय. कॅमेरा उलटा. अप्पा म्हणले, पंखा पण ओरिजिनल आहे ताई, थांबा पोरगं आलंय.